तीन लाल नोंदी

बाई, आपल्या ऑफिसात आता वह्या नाहीत. कपाट तेच आहे, निगडीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्याही त्याच आहेत, पण कपाटात आम्ही आता मुलांच्या चटया आणि औषधांची खोकी ठेवतो. हिशेब क्लाउडवर असतो. म्हणजे नेमका कुठे, हे मला सांगता येणार नाही. लांब कुठेतरी दुसऱ्याच्या मोठ्या संगणकावर असतो आणि आपल्याला तो कुठूनही उघडता येतो, एवढं मला समजलं आहे आणि तेवढं पुरतं. आपल्यासारख्या संस्थांसाठीच केलेलं सॉफ्टवेअर आहे. धंद्याच्या हिशेबात शेवटी नफा किती ते बघतात. यात प्रत्येक रुपयाला दोन प्रश्न असतात, कशावर गेला आणि कोणाच्या देणगीतून गेला. खेळण्यांसाठी आलेल्या पैशातून दूध घेतलं तर ते लगेच उघडं पडतं. हे दोन प्रश्न तुम्हीही विचारायचात, म्हणून मला शिकायला जड गेलं नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईला हे जमेल का, असं आपल्या चिटणीसांना वाटत होतं. जमलं.

पाळणाघरं अजून आठच आहेत. तुमच्या वेळची भोसरीची आणि तळवड्याची टिकून आहेत, बाकीची सरकत सरकत बाहेर गेली, जशा कंपन्या गेल्या. चाकणला गेली, म्हाळुंग्याला गेली. एक मारुंजीला आहे. तिथे कारखाना नाही. तिथल्या आया संगणकवाल्यांच्या घरी स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला जातात आणि त्यांची मुलं दिवसभर आपल्याकडे असतात. प्रत्येक पाळणाघराला एक ताई, आणि ताईला अजून गावाच्या नावानेच ओळखायचं, चाकणच्या ताई, मारुंजीच्या ताई. मला त्या हिशेबाच्या ताई म्हणतात. बाई मात्र तुमच्यानंतर इथे कोणाला म्हटलेलं नाही. कोणी ठरवलं नव्हतं, तसं झालं.

मी तुमच्याकडे आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. दहावीपर्यंत तुमच्या हाताखाली गणित शिकले होते आणि तुम्ही शाळेतून निवृत्त होऊन पाळणाघरांचं काम बघत होतात. वडील पिंपरीच्या कंपनीत लागले म्हणून आम्ही लातूरकडून इकडे आलो होतो. दोन खोल्यांत सात माणसं होतो. कॉलेज सकाळचं होतं, दुपारनंतर कुठेतरी बसायला जागा हवी होती, आणि तुम्ही म्हणालात की बेरजा करत असशील तर ये.

महिन्याचा दुसरा शनिवार हा हिशेबाचा दिवस. तो मला अजून दिसतो. दहाच्या सुमारास बसस्टँडवरून एकेक ताई चालत येते. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत बिलं आणि दूधवाल्याचं कार्ड. तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या आहात. कांदा चिरून झाला आहे, पोहे चाळणीत निथळत आहेत, मोठ्या पातेल्यात चहाचं पाणी चढवलं आहे. बाहेर सतरंजीवर सगळ्या गोल करून बसतात. मी टेबलाशी असते आणि माझ्यापुढे ती बिलं खोचायची तार. तुमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर करून दिलेली, खाली पितळेचं गोल बूड, वर टोकदार तार. एक बिल तपासून झालं की तारेला खोचायचं. तुम्ही मध्येच हात पुसत बाहेर येता, एखादीजवळ बसता, तिचं दुधाचं कार्ड मागून घेता आणि त्यातले आकडे मोठ्या वहीत दुधाच्या पानावर उतरवता उतरवता तिला काहीतरी विचारता. काय विचारत होतात ते मला ऐकू यायचं नाही. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. आठ जणींचा हिशेब दोन तासांचा आणि आपण त्याला सगळा दिवस घालवतो, असं मी घरी सांगितल्याचं आठवतं.

मग एका शनिवारी तुम्हाला बहिणीकडे जावं लागलं आणि दिवस माझ्यावर सोपवलात. मी तो बाराच्या आत संपवला. एकेकीला बोलावलं, बिलं घेतली, बेरीज केली, सही घेतली आणि पुढची. पोहे केले नाहीत, तेवढ्यासाठी कोण कांदा चिरत बसेल. चहा मात्र दिला. बाराच्या बसने सगळ्या गेल्यासुद्धा. तुम्ही एक वाजता आलात तेव्हा खोली झाडून झाली होती, सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती आणि मी शाबासकीची वाट बघत बसले होते. तुम्ही वही उघडलीत. त्या दिवशी दुधाचं पान मीच उतरवलं होतं. तुमचं बोट आठ रकान्यांवरून खाली गेलं आणि भोसरीच्या रकान्यात थांबलं.

"दूध निम्मं का झालं?"

मी म्हणाले, कार्डावर तेवढंच आहे, बेरीज बरोबर आहे.

"बेरीज बरोबर आहे. निम्मं का झालं ते विचारलंस?"

मी नाही म्हणाले.

"मग हिशेब कसला घेतलास?"

तुम्ही आवाज चढवला नव्हतात. तेवढं बोलून चपला घातल्यात आणि मला म्हणालात, चल. आपण दोघी भोसरीला गेलो. पाळणाघरात ताई चार मुलांना घेऊन बसल्या होत्या. गल्लीतली तीन वर्कशॉपं बंद पडली होती, आया घरी बसल्या होत्या आणि आयांबरोबर मुलंही. ताईंनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर पाळणाघर बंद होईल आणि आपलं मानधन जाईल, अशी त्यांना धास्ती होती. त्या सकाळी माझ्यासमोर बसल्या होत्या, मी त्यांची सही घेतली होती आणि त्यांना बस चुकू नये म्हणून घाई केली होती. तुम्ही त्यांच्याजवळ बसलात, चार मुलांची नावं विचारलीत आणि म्हणालात, चार तर चार. तीन महिन्यांनी दुसरं कोणीतरी त्याच शेडमध्ये आलं आणि मुलं परत आली. परतीच्या बसमध्ये तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. पिंपरीला मी उतरले तेव्हा खिडकीतून म्हणालात, सोमवारी ये.

त्यानंतर दुधाचं पान तुम्ही माझ्याकडे दिलंत. आकडे तुम्ही उतरवायचे आणि बेरीज मी करायची, असं ठरलं. आणि त्या पानावर मी चुकायला लागले. बाकीच्या पानांवर नाही, फक्त दुधाच्या. चार वाजता ताया गेल्या की तुम्ही पान बघायचात, चष्म्यावरून माझ्याकडे बघायचात आणि म्हणायचात, इतकी हुशार मुलगी आणि दुधात चुकते. मग दुसरा चहा व्हायचा. आपण दोघी टेबलाशी बसून तो रकाना पुन्हा मोठ्याने वाचायचो. तुम्ही आकडा म्हणायचात, मी त्यात मिळवत जायचे. चूक सापडेपर्यंत पाच वाजायचे, कधी साडेपाच. तेवढ्या वेळात तुम्ही मला काय वाचते आहेस ते विचारायचात. कोणीतरी मला असं विचारतं आणि उत्तर येईपर्यंत थांबतं, हे मला तुमच्या टेबलाशी पहिल्यांदा कळलं. एम. ए. मराठी घेऊन कर, हे तिथेच ठरलं. हिशेबाच्या नोकरीत त्याचा काय उपयोग, असं घरच्यांनी विचारलं. पास झाले तेव्हा तुम्ही ती पितळी बुडाची तार माझ्या हातात दिलीत. पुस्तकं तुझ्याकडे आहेत, म्हणालात, ही घे.

आता माझ्या चुकीचं सांगते. सॉफ्टवेअर आलं तेव्हा हिशेबाचा दिवस मीच बंद केला.

कारणं चांगली होती. आता ताई बिलाचा मोबाइलवर फोटो काढते, यादीतून खातं निवडते, कोणाच्या देणगीतून ते निवडते आणि पाठवते. माझ्या पडद्यावर ती नोंद येते. बरोबर असली की मी मान्य करते, ती हिरवी होते. चुकली असली की परत पाठवते, ती लाल होते. मग चाकणहून दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून यायचं कशाला? तळेगाव चौकात बस अडकली की बाळंतीण होऊन घरी येईल बाई, असं चाकणच्या ताईच म्हणायच्या. शिवाय त्या दिवशी पाळणाघर मदतनिसावर टाकून यावं लागायचं. मी सगळ्यांना विचारलं. कोणी नको म्हटलं नाही. चिटणीसांनी सभेत माझं कौतुक केलं. मी एक नियम तेवढा घातला. महिन्यात तीन नोंदी लाल झाल्या, तर त्या ताईने मूळ बिलं घेऊन दुसऱ्या शनिवारी ऑफिसला यायचं.

सॉफ्टवेअरने एक फार चांगली गोष्ट केली, तीही सांगायला हवी. आपल्या पाळणाघराच्या नावावर किती शिल्लक आहे ते ताईंना पहिल्यांदा स्वतःच्या मोबाइलवर दिसायला लागलं. आधी ते मला माहीत असायचं आणि चिटणीसांना. उन्हाळ्यात चाकणच्या ताईंचा फोन आला. त्या तिथल्याच, जुन्या शेतकरी घरातल्या, शेती कंपन्यांत गेली तरी बोली गेली नाही. त्यांनी दुरुस्तीच्या खात्यातली शिल्लक मला वाचून दाखवली आणि विचारलं की एवढं पडून हाय तर पोरं पत्र्याखाली का भाजायची. पंधरा दिवसांत पत्र्याखाली छत लागलं. त्यानंतर सगळ्याच शिल्लक बघायला लागल्या. सकाळी दूध येण्याआधी एकदा बघतो, असं मारुंजीच्या ताई म्हणाल्या.

आणि तरीही चुका व्हायला लागल्या. पहिल्या महिन्यात मारुंजीच्या ताईंच्या तीन झाल्या. त्या बिलं घेऊन आल्या, मी समोर बसवून समजावलं. दुसऱ्या महिन्यात तिघी आल्या. दिवाळी झाली आणि आठही. दूध इमारत दुरुस्तीत, औषधं खेळण्यांत, जागेचं भाडं खाऊमध्ये. कागदावर या बायका कधी चुकल्या नव्हत्या. मी प्रत्येक खात्याचं चित्र काढून एक रंगीत तक्ता केला आणि सगळ्यांना पाठवला. तक्ता फार छान झालाय, असं आठही जणींनी कळवलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तीन. शनिवारी त्या यायच्या, सतरंजी काढायच्या, मी रागावले की माना हलवायच्या. मग डबे निघायचे. कोणाचा ठेचा, कोणाची शेंगदाण्याची चटणी. चाकणच्या ताई घरचे कांदे आणायच्या. माझ्या गुडघ्याची चौकशी व्हायची. संध्याकाळी मी दमून घरी जायचे आणि तरी बरं वाटत असायचं. का, ते मी स्वतःला विचारलं नाही. मी फक्त नोंदी दुरुस्त करत होते.

चिटणीस पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर क्वालिटी विभागात होते. भला माणूस आहे. एके दिवशी ते तीन महिन्यांचा अहवाल छापून घेऊन आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, आठ सेंटर, महिन्याला चोवीस रिजेक्शन. त्यांनी ठरवलं होतं. रविवारच्या सभेत मांडणार होते की ताईंच्या मोबाइलवरून हे काढून घ्यायचं. त्यांनी बिलाचे फोटो फक्त पाठवायचे आणि नोंदी बाहेरच्या एजन्सीने करायच्या. मी म्हटलं, मग त्यांना शिल्लक दिसणार नाही. ते म्हणाले, नाही दिसणार, पण चुकाही होणार नाहीत. दारापर्यंत जाऊन ते पुन्हा वळले.

"प्रत्येकीच्या बरोबर तीन. अडीच नाही, चार नाही. मशीनसुद्धा इतकं नेमकं चुकत नाही हो."

ते गेल्यावर मी पडद्याशी बसले. हे सॉफ्टवेअर नोंदीत केलेला प्रत्येक बदल लिहून ठेवतं. कोणी केला, किती वाजता केला, आधी काय होतं. ते पान मी तोवर कधी उघडलं नव्हतं, गरजच पडली नव्हती. चाकणच्या दुधाचं बिल उघडलं. ताईंनी ते सकाळी साडेअकराला दुधाच्याच खात्यात टाकलं होतं, बरोबर देणगीतून. सात मिनिटांनी ते काढून इमारत दुरुस्तीत घातलं होतं आणि मग पाठवलं होतं. मी मारुंजीचं उघडलं. भोसरीचं उघडलं. सगळीकडे आधी बरोबर आणि मग चूक.

सभेच्या आदला शनिवार महिन्यातला दुसराच होता. आठही जणी आल्या. जेवणं झाली. चाकणच्या ताई आत डबे विसळत होत्या, तुम्ही उभ्या राहायचात त्या जागी. मी दारात जाऊन उभी राहिले.

"ताई, दुधाचं बिल तुम्ही आधी दुधातच टाकलं होतं. सात मिनिटांनी बदललंत."

त्यांनी नळ बंद केला.

"ते बी दिसतंय व्हय?"

"सगळं दिसतं."

त्या थोडा वेळ डब्याचं झाकण पुसत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बरोबर टाकलं की हिरवं व्हतंय. हिरवं झाल्यावर आमाला कोण बोलवतंय ओ?"

बाहेर सगळ्या ऐकत होत्या. मारुंजीच्या ताई, आमच्याच मराठवाड्यातल्या, सतरंजीवरूनच म्हणाल्या, "आमी ठरवूनच तीन करताव. चार केल्या तर तुमाला तरास." कोणीतरी हसलं आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या. भेटायला जाते म्हटलं तर घरचे विचारतात, कशाला. चाकणच्या ताईंनी सासूची नक्कल करून दाखवली. "आन् हिशेबात चूक निघाली म्हनलं की समदं घर गप. जाऊ पोरं सांभाळती, सासू म्हनती, जा बाई लवकर, नीट करून ये." वर्षानुवर्षं त्या महिन्यातून एक दिवस इथे येत होत्या. तळवड्याच्या ताईंना नवऱ्याला दारू सोडवण्यासाठी कुठे घेऊन जायचं ते इथे कळलं होतं. एकीच्या मुलीचं लग्न इथे जमलं होतं. तो दिवस मी बंद केला तेव्हा कोणी नको म्हटलं नाही, कारण मी विचारलं होतं की बसचा त्रास होतो ना. होत होताच.

मी त्यांना रविवारच्या सभेचं सांगितलं. मोबाइलवरून हे सगळं जाणार, म्हटलं. चाकणच्या ताईंनी ओले हात पदराला पुसले, मोबाइल काढला, शिल्लक उघडली आणि बघत उभ्या राहिल्या. छताखाली आता पंखा हवा होता, त्याचे पैसे तिथे दिसत होते. मग म्हणाल्या, मी येते साहेबांकडं, सांगते की आमी केलं. मी म्हटलं, नको, चूक माझी आहे. त्यांना ते पटलं नाही. मलाही ते सांगता सांगता पटत गेलं. पुन्हा एकदा मी आठ जणींना बाराच्या बसने परत पाठवलं होतं, या वेळी कायमचं. दूध निम्मं झालं होतं आणि मी तक्ता काढत बसले होते.

रविवारी सकाळी सभेआधी मी चिटणीसांच्या घरी गेले. त्यांनी ऐकून घेतलं. मुद्दाम, असं दोनदा विचारलं. मग ते खरोखर दुखावले. हिशेबात मुद्दाम चुकीची नोंद, ही लहान गोष्ट नाही, म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, एकही नोंद तशी राहिली नाही, प्रत्येक परत गेली आणि दुरुस्त होऊन आली. आणि नियम मी केला होता. जी चुकेल तिलाच बोलवायचं, असा. त्यांच्या भिंतीवर कारखान्याच्या निरोपसमारंभाचा फोटो होता, लांब टेबलं, ताटं, मागे कॅन्टीनचा बोर्ड. मी विचारलं,

"कंपनीत तुमच्या कॅन्टीन होतं?"

"होतं."

"सगळे डबा आणतातच, म्हणून ते बंद केलं असतं तर?"

त्यांनी चष्मा काढला.

"युनियनने गेट अडवलं असतं," ते म्हणाले. आणि चष्मा पुसत, "या बायकांनी तसंच केलंय म्हणायचं."

सभेत त्यांनी एवढंच सांगितलं की मोबाइलवरची नोंद चालू राहील आणि दुसऱ्या शनिवारी सर्वांनी प्रत्यक्ष यायचं. कारण कोणी विचारलं नाही. बाहेर पडताना मला म्हणाले, लाल मात्र एकही नको. त्या महिन्यात एकच झाली, मारुंजीची. सवय लागली ओ, असं त्या म्हणाल्या. आता तीही नाही.

ताईंची एक अडचण उरली होती. चूक नाही तर घरी काय सांगायचं? चाकणच्या ताईंनी मार्ग काढला. मी आता दर महिन्याला आठही जणींना एक निरोप पाठवते, हिशेब तपासणीसाठी मूळ बिलांसह उपस्थित राहणे. त्यांनी तो वाचला आणि फोन केला. "जरा कडक लिवा की. 'अनिवार्य' घाला त्यात." मी घातलं. सासूने तो स्वतः दोनदा वाचला म्हणे.

सॉफ्टवेअरला खातं लागतं, म्हणून मी नवं खातं उघडलं, हिशेबाचा दिवस. बसभाडं, पोहे, चहासाखर. त्याने पुढचा प्रश्न विचारला, कोणाच्या देणगीतून. पोह्यांसाठी देणगी कोण देतं? तुम्ही हा खर्च कुठे घालायचात ते बघायला मी जुन्या वह्या काढल्या. रद्दीत जाणार होत्या म्हणून मी त्या घरी ट्रंकेत ठेवल्या आहेत. एका रविवारी सगळ्या चाळल्या. पोह्यांचा खर्च एकाही पानावर नाही. इतक्या वर्षांत कुठेच नाही. तो तुमच्या पेन्शनमधून जात होता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. आता मी महिन्याला थोडे पैसे भरते. दोन महिन्यांनी दुसरी एक देणगी दिसली, चिटणीसांची. बोलले काही नाहीत. शेऱ्याच्या जागी त्यांनी 'कॅन्टीन' लिहिलं आहे.

वह्या चाळताना दुधाची पानं आली. प्रत्येक पानाच्या तळाशी माझ्या अक्षरात शाईने बेरीज आहे, आधीची खोडलेली आणि शेजारी बरोबर केलेली. आणि प्रत्येक पानाच्या आतल्या कोपऱ्यात, शिवणीच्या अगदी जवळ, बारीक पेन्सिलीने एक आकडा आहे. तुमचा सात मी ओळखते. मला वाटलं, नंतर ताळा म्हणून लिहिला असेल. मग शेवटचं पान आलं, ज्या शनिवारी तुम्हाला दुपारीच दवाखान्यात नेलं त्या दिवसाचं. त्या पानावर बेरीज मी केलीच नव्हती, तळाची जागा कोरी आहे. कोपऱ्यात पेन्सिलीचा आकडा मात्र आहे, म्हणजे तो माझ्या बेरजेच्या आधीच लिहिलेला. मी त्या दिवशी, ट्रंकेशेजारी जमिनीवर बसून, तो रकाना मोठ्याने वाचत मिळवला. बरोबर आहे.

आज दुसरा शनिवार आहे. साडेनऊ झाले. पोहे भिजवले आहेत, कांदा चिरायचा आहे. हे मी जुन्या व्हाउचरच्या पाठीवर लिहिते आहे आणि लिहून झालं की तुमच्या तारेला खोचणार आहे. तिला आता तसं काही काम नाही. बिलांचे फोटो निघालेले असतात, तरी ताया आल्या आल्या आपापली बिलं तिच्यावर खोचतात आणि मगच बसतात. त्या बिलांखाली हे राहील. कुठे पाठवायचं नाही.

एकच सांगायचं राहिलं. दुधाच्या पानाची बेरीज माझी पहिल्या फटक्यात बरोबर यायची, बाई. मग मी एक आकडा बदलायचे.